सतरावा चौकोन

ती सावली आपली आहे, हे एनिड हॉब्लीला चहाचा कप ओठांशी नेता नेता कळलं, आणि कप तसाच बशीत परत गेला. अनलीच्या चर्चमागच्या सभागृहात बुधवारची भरतकामाची बैठक चालू होती. वसाहतीला दीडशे वर्षं झाल्याचा उत्सव सगळ्या ॲडलेडभर चालला होता, आणि उत्तरेकडच्या जुन्या लोकरपट्ट्यातून शहरात येऊन राहिलेल्या बायकांनी त्या निमित्ताने चाळीस चौकोनांचा एक मोठा पट भरायला घेतला होता. एकेका चौकोनात एकेक प्रसंग. कोणते प्रसंग घ्यायचे ते इतिहास समितीतल्या पुरुषांनी ठरवलं होतं, कोणत्या रंगाचा दोरा घ्यायचा ते बायकांनी. बेरिल कॅनिंग या सगळ्याची प्रमुख. तिने प्रत्येकीला एक लिफाफा दिला होता; त्यात फोटो, फोटोवरून काढलेली रेघाटी आणि कापडाचा तुकडा. "एनिड, सतरावा तुझा. तुझ्याच माहेरचा आहे, म्हणून मुद्दाम राखून ठेवला," ती म्हणाली होती. फोटो त्रेचाळीस सालचा. ट्रेलोरांच्या मेंढवाड्यातली कातरणीची शेड, ओळीने उभे सहा पुरुष, मधोमध पट्ट्यापट्ट्यांचं लाकडी टेबल, त्यावर नुकतीच पसरलेली अख्खी लोकर, आणि टेबलामागे हाताची घडी घालून एनिडचा भाऊ लान्स. डाव्या कोपऱ्यात, जमिनीच्या फळ्यांवर, एक लांबट काळपट आकार. "तो डाग सोडून दे हं," बेरिल जाता जाता वाकून म्हणाली, "फोटो खराब झालाय तिथे." डाग नव्हता तो. घागऱ्याचा घेर होता, कमरेवर ठेवलेला एक हात होता. एनिडने आपलाच हात नकळत कमरेवरून खाली घेतला.

शेजारी बसलेली विन, तिची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, आपल्या चौकोनातल्या नांगरधारी माणसाला दाढी भरत होती. "चाळीस चौकोनांत बायका किती आहेत, मोजल्यास का ग?" तिने विचारलं.

"किती?"

"तीन. एक राणी, एक परिचारिका आणि एक गाय. गाय धरली तर तीन."

एनिड हसली नाही. तिने फोटो विनपुढे सरकवला आणि टेबलावरच्या लोकरीवर बोट ठेवलं. "ही लोकर मी फेकलेली आहे."

"तू?" विनने चष्म्यावरून पाहिलं. "अगं, तुला पलंगावर चादर धड पसरता येत नाही. तुझा स्टॅन बिचारा मरेपर्यंत सुरकुत्यांवर झोपला."

"मी फेकली," एनिड पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच जरा मोठा वाटला.

शेडमध्ये मेंढी कातरून झाली की तिची लोकर एकसंध निघते, अंगातून सदरा काढावा तशी. ती दोन्ही हातांत गोळा करून टेबलाशी न्यायची आणि अशी उडवायची की हवेत तिने पूर्ण उघडावं आणि टेबलावर सपाट उतरावं, मान एका टोकाला, शेपूट दुसऱ्या टोकाला, कातरलेली बाजू खाली. मनगट जरा चुकलं की लोकर दुमडून पडते आणि मग प्रतवारी करणाऱ्याच्या शिव्या. एनिड लहान असताना हे फक्त दाराच्या फटीतून पाहायची. मुलींनी शेडमध्ये जायचं नाही असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता. घागऱ्याची सळसळ पायरीवर आली की आतून कुणीतरी ओरडायचं, "तळ्यात बदकं आली रे!" लगेच आतल्या शिव्या थांबायच्या, गाणी थांबायची, कातऱ्यांचा आवाज तेवढा उरायचा. आई चहाची किटली आणि केकचं ताट पायरीवर ठेवून परत फिरायची. आईला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट आपण आलो की पुरुष तोंड सांभाळतात याचा तिला थोडा मान वाटायचा. एनिडला मात्र किटलीपेक्षा आतला वास हवा असायचा, लोकरीच्या मेणाचा, घामाचा, राळेचा. बाबांना ते कळलं असावं. रात्रीच्या जेवणानंतर ते खिशातून लोकरीचे पुंजके काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचे. "डोळे मीट," म्हणायचे. ती डोळे मिटून धागा बोटांत ताणायची, कानाशी नेऊन टिचकी द्यायची. चांगला धागा तारेसारखा वाजतो, दुष्काळातला मध्येच तुटतो. लान्सला ते कधी जमलं नाही. त्याची बोटं जाड, आणि त्याला घाई. पण बाबा गेल्यावर मेंढवाडा लान्सचा झाला, आणि कुणी काही ठरवल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. सूर्य पश्चिमेला जातो तसं ते झालं.

मग युद्ध आलं. प्रतवारी करणारा माणूस सैन्यात गेला, लोकर गोळा करणारी पोरं गेली. लान्सच्या पायात व्यंग, शिवाय लोकर सरकारला हवीच होती, म्हणून तो राहिला. लान्सने दोन दिवस स्वतः प्रतवारी करून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन, तिच्याकडे न बघता म्हणाला, "चल. ॲप्रन राहू दे अंगावर." सत्तावीस वर्षांची एनिड त्या दिवशी पायरी चढून आत गेली. बदकं कुणी ओरडलं नाही. लोकर गोळा करायला आणि फेकायला नेली नावाची धुणीभांड्यांवरची बाई आली. टेकड्यांमधल्या मूळ लोकांपैकी, एनिडहून चार-पाच वर्षांनी मोठी, हाताने मजबूत आणि बोलायला कमी. तीन हंगाम त्या दोघींनी ते टेबल चालवलं. लोकरीच्या गठ्ठ्यांवर शिक्का लान्सचा बसायचा.

आणि तो फोटोवाला. शहरातल्या कुठल्याशा साप्ताहिकाकडून आला होता. पांढऱ्या बुटांना मेंढ्यांची लेंडी लागू नये म्हणून टाचांवर चालणारा. मावळतीचं ऊन दारातून तिरपं आत आलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं. त्याने पुरुषांना ओळीत उभं केलं, लान्सला टेबलामागे, आणि मग एनिडकडे वळून, टोपी काढून, अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाईसाहेब, आपणही जरा बाजूला. रागावू नका. फोटोत बायका दिसल्या तर वाचकांना वाटेल, देशात पुरुषच उरले नाहीत." पुरुष हसले. लान्सही हसला. एनिड दारात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, ऊन पाठीवर घेत. तिने मागे वळून पाहिलं तर बाहेर उतरणीवर नेली होती, आणि ती हसत होती, तोंडावर हात न घेता, मोकळं. एनिडलाही हसू आलं. तेवढं हसू तिने चाळीस वर्षं जपलं होतं, पेटीच्या तळाशी ठेवलेल्या रेशमी कापडासारखं. त्या दोघी, बाहेर, त्या मूर्ख ओळीला हसणाऱ्या. आत ते सहा जण छाती काढून उभे, आणि टेबलावर ती लोकर, जिला त्यांच्यातल्या एकाचाही हात लागला नव्हता.

युद्ध संपलं, पुरुष परतले, एनिड पुन्हा स्वयंपाकघरात गेली. मग शहरातल्या बँकेतल्या स्टॅन हॉब्लीशी लग्न, अनलीतलं घर, दोन मुलगे. इथे बायकांना मत बाकीच्या वसाहतींआधी मिळालं, हे शाळेत मुलांना छाती काढून सांगायचे. एनिडने प्रत्येक निवडणुकीत मत दिलं, आणि दर वेळी मतदारयादीत आपल्या नावापुढे छापलेलं वाचलं: गृहकर्तव्ये. तिच्या आईच्या नावापुढे तेच होतं. विहिरीचा रहाट ओढून जिचे खांदे पुरुषासारखे झाले होते त्या आजीच्याही. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या इतिहासाचं जाड पुस्तक निघालं, त्यात लान्सवर अर्धं पान होतं. "युद्धाच्या कठीण काळातही ट्रेलोर यांनी आपल्या तीक्ष्ण बोटांनी लोकरीची प्रत राखली." लान्सची बोटं! तेव्हा लान्स जाऊन सहा वर्षं झाली होती, म्हणून तिला भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. पुस्तक तिने कपाटावर उलटं ठेवलं होतं. आता मात्र सभागृहात बसल्या बसल्या तिने ठरवून टाकलं. ती सावली आपण भरायची. नुसती सावली का, आपल्यालाच भरायचं. टेबलाशी. हातांतून लोकर नुकतीच सुटलेली, हात अजून हवेत. इतिहास समितीला काय वाटायचं ते वाटू दे. सत्तर वर्षं ती आज्ञाधारक बाई होती. एका चौकोनापुरती ती नसली तर आभाळ कोसळणार नव्हतं.

घरी येऊन तिने कापडाला भरतकामाची रिंग लावली. जमिनीच्या फळ्या आधी, तपकिरी दोऱ्याने, साध्या टिपेत. मग टेबल. मग पुरुष, त्यांना तिने फार वेळ दिला नाही, टोप्या आणि दाढ्यांत भागवलं. लोकरीसाठी गाठीटाका. पांढऱ्यात किंचित पिवळा दोरा मिसळून, सुईवर दोनदा गुंडाळून, एकेक गाठ. तीन संध्याकाळी ती नुसत्या गाठी घालत होती, आणि बोटं आपली आपण मागे जात होती, दोऱ्याला मेणाचा वास येत होता जो येणं शक्य नव्हतं. स्वतःला कुठे उभं करायचं ते ठरवण्यासाठी तिने फोटोतल्या फळ्या मोजायला घेतल्या. स्टॅन टपाल तिकिटं बघायचा ते भिंग काढलं, दिव्याखाली फोटो धरला. दारापासून तिची सावली अकराव्या फळीपर्यंत येत होती. आणि तिसऱ्या फळीवर, तिच्या सावलीच्या जरा उजवीकडे, आणखी एक काळा ठिपका होता. गोल. डोकं. खांद्याची सुरुवात. कुणीतरी दाराबाहेर, उतरणीवर, पार खाली उभं होतं. सावलीचं डोकं तेवढं आत आलं होतं.

नेलीच ती, दुसरं कोण. एनिडला आधी बरं वाटलं, जुनी ओळखीची भेटल्यासारखं. मग तिने भिंग खाली ठेवलं. नेली एवढी लांब का? फोटोवाल्याने सांगितल्यावर आपण टेबलापासून निघून दारात पोचतो न पोचतो, तोच त्याने बटण दाबलं होतं. मग नेली उतरणीच्या खाली कधी पोचली? जी आधी निघते ती लांब पोचते. तिला आधी कुणी काढलं? फोटोवाला तर म्हणाला होता, "आपणही." आपण'ही'. चाळीस वर्षं तो एवढासा शब्द तिच्या कानात होता आणि तो कधी तिला टोचला नव्हता. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. दिवा, रिंग, फोटो सगळं तिथेच होतं. आणि मग आठवण आली, ती डोळ्यांतून नाही, तर घशातून. आपलाच आवाज. आईच्या आवाजासारखा, मोलकरणीशी बोलतानाचा, वाईट नाही, रागाचा तर नाहीच, फक्त ठरलेला. "नेली, तू तिकडे हो बघू. फोटो काढतायत." कुणी सांगितलं नव्हतं. फोटोवाला अजून कॅमेऱ्याचे पाय उघडत होता. नेलीने त्याच क्षणी लोकर फेकली होती, ती हवेत उघडून टेबलावर उतरली होती, एक सुरकुती नाही, एक दुमड नाही, लान्ससुद्धा "वा" म्हणाला होता. तिचे हात अजून हवेत होते, कोपरापर्यंत मेणाने चकाकणारे. एनिडने हात लांब करून दाराकडे दाखवलं. नेलीने तिच्याकडे पाहिलं, हात ॲप्रनला पुसले, आणि जाता जाता हळूच म्हणाली, "येशीलच तूही."

आणि मग आपण गेलोच. आणि ती हसली.

एनिड खुर्चीत बसून राहिली. ते रेशमी कापड तिने पेटीतून काढलं होतं आणि ते तिचं नव्हतंच. ते दोघींचं हसू नव्हतं. हसत होती ती एकटी नेली, आणि हसत होती एनिडला. आणि लोकर? लोकर एनिडने कधीच फेकली नव्हती. पहिल्या हंगामात चार-पाचदा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी ओल्या घोंगडीसारखी धप्पकन पडली, मग नेली म्हणाली, "तू बोटांचं बघ, फेकायचं मी बघते." हे तिला ठाऊक होतं. म्हणजे कुठेतरी ठाऊक होतं. मुलांना गोष्ट सांगताना एकदा नेलीचं नाव सांगायचा कंटाळा आला असेल, दुसऱ्यांदा "आम्ही फेकायचो" झालं असेल, तिसऱ्यांदा "मी." लान्सने तरी दुसरं काय केलं होतं?

आठ दिवस तिने सुईला हात लावला नाही. विन दोनदा येऊन गेली. "आजारी आहेस का?" "नाही." "मग तोंड असं का? सुई गिळलीस?" नवव्या दिवशी तिने मेंढवाड्यावर राहणाऱ्या भाच्याला, लान्सच्या मुलाला, फोन लावला. नेली सत्तर साली गेल्याचं त्याने सांगितलं. तिची मुलगी कोरली पोर्ट ऑगस्टाला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे म्हणाला. "तिला मुलगी होती?" एनिडने विचारलं. भाचा म्हणाला, "अगं आत्या, तूच तिथे होतीस, मी नव्हतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये बसली. पर्समध्ये फोटो, भिंग आणि अर्धवट भरलेला चौकोन. चार तास उजवीकडे गव्हाची कापलेली रानं आणि पुढे निळे डोंगर, आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तुमच्या आईला मी इतिहासात आणणार आहे. तिचा हक्क तिला मिळालाच पाहिजे. वाक्यं चांगली होती. सभेत टाळ्या पडतील अशी.

कोरली पन्नाशीची, जाडसर, डोक्याला जाळी बांधलेली. दुपारच्या जेवणाची भांडी उरकून ती मागच्या पायरीवर येऊन बसली आणि तिने एनिडला एक उलटा क्रेट सरकवून दिला. एनिड बोलत होती, फोटो दाखवत होती, भिंग देत होती. कोरलीने भिंग घेतलं नाही.

"म्हणजे तुम्ही मिस एनिड," ती शेवटी म्हणाली. "आई सांगायची तुमच्याबद्दल. मिस एनिड डोळे मिटून लोकर ओळखते म्हणायची. माणसंही डोळे मिटूनच ओळखते."

एनिडने भिंग पर्समध्ये परत ठेवलं.

"ती तिथे लोकर फेकत होती तेव्हा मला कोण सांभाळत होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही. मला… तुम्ही होता हेच मला ठाऊक नव्हतं."

"पाण्याच्या टाकीमागे असायची मी. मावशीजवळ. सात वर्षांची. तुमच्या घराच्या खिडकीतून टाकी दिसते, नाही का?"

"दिसते," एनिड म्हणाली. दिसायची. टाकी, टाकीची सावली, सावलीत काही माणसं. कोण ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"मग आता काय करायचंय तुम्हाला?"

"तिला भरायचंय मला. इथे, टेबलाशी. लोकर तिने फेकली होती. सगळ्यांनी बघायला हवं." तिने चौकोन पुढे केला. "फक्त तिचं खरं नाव काय होतं, ते… नेली तर आमच्या आईने ठेवलेलं."

कोरलीने चौकोन हातात घेतला, गाठींवरून अंगठा फिरवला. कामाची कदर असलेला अंगठा होता तो. मग परत दिला. "काम सुबक आहे. पण नाही."

"का?"

"का म्हणजे? आमच्या घरात गेलेल्या माणसाचं रूप असं भिंतीवर टांगत नाहीत, आणि नाव ज्याला त्याला वाटत नाहीत. ते एक. आणि दुसरं, त्या सहा जणांच्या ओळीत तिला कायमचं उभं करणार तुम्ही? तुमच्या वसाहतीच्या वाढदिवसाला? तिच्याच मुलखात तिला पाहुणी म्हणून? ती मला काय म्हणेल, ठाऊक आहे? म्हणेल, पोरी, एवढ्या कष्टाने मी त्या शेडमधून बाहेर पडले आणि तू मला परत आत ढकललंस."

कोरली हसली. तेच हसू होतं, मोकळं, तोंडावर हात न घेता.

"पण मग हे तसंच राहील," एनिड म्हणाली. "कुणाला कळणारच नाही. मला काहीतरी करायलाच हवं, कोरली. मी सत्तर वर्षांची आहे."

"मग करा की. कोण नको म्हणतंय?" कोरली उठली, गुडघा धरून. "तिला भरू नका. तुम्हाला भरा. काय केलंत ते भरा. ते तर तुमचं आहे ना? त्याला माझी परवानगी नको." दारापाशी थांबून तिने विचारलं, "परतीची बस किती वाजता आहे? चहा घेता का? बिस्किटं कालची आहेत."

एनिडने चहा घेतला. दोघी कालच्या बिस्किटांविषयी आणि पायांच्या दुखण्याविषयी बोलल्या.

त्यानंतरचे पंधरा दिवस ती सकाळी उजेड आला की खिडकीशी बसायची आणि उजेड गेला की उठायची. मुलगा रविवारी आला तर त्याला तिने भाजी चिरायला लावलं. स्वतःची आकृती तिने तीनदा भरली आणि तीनदा उसवली. पहिल्यांदा ती फार सुंदर झाली. दुसऱ्यांदा बिचारी. बोटांनी आपोआप डोकं खाली झुकवलं होतं, पश्चात्ताप झाल्यासारखं, आणि हे तर साफ खोटं होतं. त्या दिवशी तिचं डोकं झुकलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा हात बरोबर येईना. दाखवणारा हात भरणं अवघड असतं. आखडला तर बोलावतो, सैल पडला तर निरोप देतो. शेवटी तिने आरशासमोर उभं राहून, ॲप्रन बांधून, दाराकडे हात केला आणि मोठ्याने ते वाक्य म्हटलं. घर रिकामं होतं. हात कसा जातो ते तिने नीट पाहून ठेवलं: खांद्यापासून नाही, कोपरापासून, सवयीने, जराही जोर न लावता. तसाच तो भरला. ताठ मान, चांगला चेहरा, नीट बांधलेले केस, आणि कोपरापासून दाराकडे गेलेला हात. त्या हातापुढे टेबलाशी माणसाएवढी जागा तिने कोरी ठेवली. तिथे फळ्यासुद्धा भरल्या नाहीत, नुसतं कापड.

चौकोन गोळा करण्याच्या बुधवारी सभागृहात इतिहास समितीचे रुडॉल मास्तर आले होते. निवृत्त मुख्याध्यापक, सभ्य माणूस, कोटाच्या खिशात तीन पेनं. प्रत्येक चौकोनाखाली लावायच्या पट्टीचा मजकूर ते तिथल्या तिथे लिहून घेत होते. चौकोन नाकारला तर नाकारू दे, एनिडने बसमध्येच ठरवलं होतं. एकोणचाळीस चौकोन आणि एक भोक असा पट टांगा म्हणावं. भोकापाशीही लोक थांबून विचारतात.

पण मास्तरांनी चौकोन उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! शेडमध्ये बाई! मिसेस हॉब्ली, ही तुम्ही ना? मला कुणीतरी म्हणालं होतं, युद्धात तुम्हीच प्रतवारी करत होता म्हणून. खरं सांगू, आम्हाला हेच हवं होतं. मंत्रीणबाई येणार आहेत उद्घाटनाला, आणि अख्ख्या पटात बायका मोजून…"

"गाय धरून तीन," विन म्हणाली.

"तेच ते. जिल्ह्याच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतही घेऊ. लान्सरावांच्या शेजारी तुमचं नाव." त्यांनी पेन काढलं. हेच तर. अर्धं पान नाही, पण ओळ तरी. बाबांनी डोळे मीट म्हटलं होतं त्या संध्याकाळपासून ज्याची वाट पाहिली तेच हे, आणि ते असं, चहाच्या टेबलावर, कुणीही न भांडता.

बेरिल मात्र कापडाकडे निरखून पाहत होती. "इथे राहिलंय भरायचं," ती म्हणाली. "आणि एनिड, ही हात असा काय करतेय? कुणाला बोलावतेय का?"

"बाहेर काढतेय," एनिड म्हणाली.

"कुणाला?"

"ती कापडावर नाही. तिच्या लेकीने नको म्हणून सांगितलं. लोकर तिने फेकली होती, मी नाही. मी तिला बाहेर काढलं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

विनची सुई थांबली. कुणीतरी चमचा कपात ठेवला. मास्तरांनी घसा साफ केला. ते खरोखरच मदत करू पाहत होते. "असं बघा, मिसेस हॉब्ली. तो हात फक्त खाली घेतला तर? चार टाक्यांचं काम आहे. टेबलावर टेकलेला हात. म्हणजे तुम्ही काम करताना दिसाल. आणि ती कोरी जागा बेरिलबाई फळ्यांनी भरून देतील. लोकांना अभिमान वाटेल हो. नाहीतर ही अशी… लोक काय समजतील?"

"जे झालं ते."

"पण यात तुमचंच…"

"माझंच आहे ते. म्हणून तर भरलं." एनिड उठून उभी राहिली होती, टेबलाला न धरता. "पट्टीवर काय लिहिलंत?"

मास्तरांनी कागद वळवून दाखवला. सुंदर, तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं: लोकर शेडमधील कर्तबगार स्त्री, १९४३.

"ते खोडा," ती म्हणाली. "एनिड ट्रेलोर, लिहा. माहेरचंच नाव. एनिड ट्रेलोर, एका बाईला फोटोबाहेर काढताना."

पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं. बेरिलने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा कोऱ्या कापडाकडे, आणि हातातली तपकिरी दोऱ्याची लडी डब्यात टाकून झाकण लावलं.

"लिहा, मास्तर," एनिड म्हणाली. "मी थांबते."